ताजमहालाचा पडदा

बंदराजवळची धर्मशाळा पाडून तिथे पार्किंग झालं आणि रत्नागिरीकरांना तिचा एकाएकी उमाळा आला. वाचनालयाने जुन्या इमारतींच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. विनीत नावाचा कार्यकर्ता थेट गंगाराम फोटोवाल्यांच्या दारात उभा राहिला, कारण या माणसाने चाळीस वर्षं त्याच धर्मशाळेच्या ओटीवर फोटो काढलेले.

"हायत ना, दोन हजार तरी असतील," गंगाराम म्हणाले. "सगळ्यांत ताजमहाल हाय."

त्यांचं दुकान म्हणजे काळोखी खोली, उजेडासाठी बाहेर यावंच लागे. पण धर्मशाळेपुढचा फोटो घेणार कोण? पिकतं तिथं विकत नाही, हे काय उगाच म्हणतात? म्हणून तिच्या नक्षीदार खांबांवर ताजमहाल रंगवलेला पडदा टांगायचा आणि पुढे गिऱ्हाईक बसवायचं. मिरकरवाड्याकडून वारा सुटला की ताजमहाल हलायचा. मग बायको, सगुणा, बाजूला उभी राहून पडद्याचा कोपरा घट्ट धरायची. आपण फोटोत यायचं नाही, ही तिची अट, आणि ती पाळलीन मेलीने शेवटपर्यंत. गेल्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध झालं. फोटोवाल्याच्या घरात तिचा फोटो एकच, आधारकार्डावरचा. त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. गंगारामांना त्याची भयंकर लाज वाटे.

विनीत गेल्यावर त्यांनी वाया गेलेल्या निगेटिव्हचा बिस्किटांचा डबा काढला. तो सगुणेनेच जपलेला, तिला काही टाकवत नसे. तिसऱ्या दिवशी त्यातच धर्मशाळा सापडली. काखेत कळसा नि गावाला वळसा!

हर्णेचं नवं जोडपं, दोघांचेही डोळे मिटलेले. पडदा वाऱ्याने उडून वर गेलेला आणि मागे अख्खी धर्मशाळा, खांब, कमान, पाटी. उजवीकडे पदर खोचलेली सगुणा, दोन्ही हातांनी पडदा ओढत कॅमेऱ्यामागच्या नवऱ्यावर ओरडतेय. तो फोटो गिऱ्हाइकाने घेतला नव्हता. गंगाराम तेव्हा तिच्यावर डाफरले होते, दोन दिवस अबोला होता.

म्हातारा ओक्साबोक्शी रडला. मग नाक पुसून वाचनालयात गेला.

"काका, जबरदस्त!" विनीत म्हणाला. "फक्त ही बाई मध्ये येतेय. कॉम्प्युटरवर पुसून टाकतो."

"तिला पुसलंस तर पडदा कोण धरील?"

विनीतला वाटलं, चळला म्हातारा. पण गंगाराम निगेटिव्ह खिशात घालून उठले, तेव्हा मुकाट कबूल झाला.

प्रदर्शनात तो फोटो मोठ्या फ्लेक्सवर छापून वर दोन खिळ्यांना टांगला होता. पंखा लागला की खालचा कोपरा फडफडे. गंगाराम सकाळपासून बाजूला उभे राहून तो धरून होते. दुपारी एक बाई मोबाइल रोखून म्हणाली, "आजोबा, जरा सरका ना, तुम्ही फोटोत येताय."

गंगाराम सरकले. कोपरा काही त्यांनी सोडला नाही.