बिनसाखरेची डाळ

“आधी चिठ्ठ्या ढवळा, मग तोंड उघडा!”

कोलकात्याला संख्याशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सरांचा तो खर्जातला आवाज. विद्यापीठ कधीच मागे पडलं होतं. पण त्या दुपारी, अनिर्बाणच्या घरी पान वाढलेलं असताना, तो अवचित माझ्या कानी आला.

कारण अनिर्बाणचे बाबा, मन्मथबाबू, कडाडत होते. “घोट्यांची पोर सून म्हणून? हे लोक डाळीतसुद्धा साखर घालतात!” आम्ही गंगेकाठचे घोटी, ते पद्मा नदीपलीकडून, पूर्व बंगालातून आलेले बांगाल. “आमच्या डाळीत साखरेचा कण जरी पडला तरी माझी जीभ सांगेल!”

“मग काकाबाबू, जिभेची परीक्षाच घेऊ,” मी म्हटलं. “ओळखलंत तर मी चालले. चुकलात तर आशीर्वाद द्यायचा.”

“चल, घे! चप्पल दाराशीच ठेव.”

अनिर्बाणच्या आईने, बिभावती काकीमांनी, साखर न घालता मसुराची डाळ शिजवली. अनिर्बाणने आत जाऊन बारापैकी सहा वाट्यांत साखर विरघळवली, बुडाला खुणा केल्या. सहा गोड, सहा साध्या, एवढं मन्मथबाबूंनाही सांगितलं होतं. क्रम चिठ्ठ्यांनी लागला. वाढत होते मी, पण कशात काय, मलाही ठाऊक नव्हतं. काकीमा शेजारी बसून हातपंख्याने वारा घालत होत्या. वारा मात्र भलतीकडेच जात होता.

मन्मथबाबूंनी डोळे मिटले. भुरका मारला. “छी, घोटी! ...ही आपली. अहाहा, आई आठवली गं! ...छी!”

बारा वाट्या पालथ्या घातल्या. बाराच्या बारा चूक.

“बाबा, भोपळा!” अनिर्बाण नाचायलाच लागला.

“खुणाच चुकल्यात! असली परीक्षा मी मानत नाही. लग्न नाही म्हणजे नाही!”

मी खुणा पुन्हा मोजल्या. बाराच्या बारा? “काकाबाबू, जिभेला काही कळतच नसतं, तर निम्म्याशिम्म्या तरी बरोबर आल्या असत्या. नुसत्या नशिबाने सगळ्या चुकायच्या तर हजारदा खेळावं, तेव्हा एकदा. तुमची जीभ सुरीसारखी आहे. फक्त नावं उलटी लागलीत. तुम्ही जिला घरची चव म्हणता ना, तीच गोड आहे.”

“म्हणजे माझ्याच घरात...?”

पंखा थांबला.

“खुणा बरोबर आहेत हो,” काकीमा हळूच म्हणाल्या. “आल्या दिवसापासून चिमूटभर घालतेय. सासूबाईंनीच शिकवलं. म्हणाल्या, ‘त्याला सांगू नकोस बाई, साखर नसली की तो ताट सरकवतो.’”