एकाआड एक गाठ

बायंडिंगच्या कारखान्यात तीन नंबरच्या टेबलावर दोघी जावा बसत. थोरली पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या छापील पानांचे जुडगे, एकमेकांना शिवायची, धाकटी पाठीला खळ लावून वर पुठ्ठा चढवायची. अकरा वर्षं थोरलीची शिलाई कारखान्यात एक नंबरची. तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. नवरा सासूचा आणि पोरं मोबाइलची.

पण पुठ्ठा चढला की शिलाई गेली आत. येणारं गिऱ्हाईक पुस्तकावर हात फिरवून म्हणायचं, "वा, काय बसवलाय पुठ्ठा!" मालक धाकटीकडे बोट दाखवायचे, धाकटी लाजायची, आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात दोनशे शब्दकोशांचं काम आलं. मालकांनी जाहीर केलं, "या वेळी शाबासकी अख्ख्या टेबलाला. एकटीदुकटीला नाही." म्हणजे आपण राबायचं आणि हिनेही मिरवायचं! मग मरमर करायची कशाला? दर फर्म्याला मारायची गाठ थोरली एकाआड एक मारू लागली. वर्षभरात पुस्तकं खिळखिळी होतील, लोक पुठ्ठ्याला नावं ठेवतील. ठेवू देत.

एक गोष्ट मात्र त्या शहाणीच्या ध्यानात आली नाही. पुस्तकाची उघडी पाठ खळ लावणारीला दिसतेच.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत थोरली डबा धुऊन लवकर परतली. धाकटी तिच्या स्टुलावर बसून, तिच्याच सुईने, तिचीच पुस्तकं शिवत होती.

"हे काय गं? माझ्या कामात कशाला नाक खुपसतेस?"

"काही नाही ताई. कुठे कुठे गाठी राहिल्यात. बोटं दुखत असतील तुमची, म्हणून रोज सुट्टीत थोडं थोडं करते."

त्यात टोमणा असता तर थोरलीला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. टोमणा नव्हता. थोरलीने धाकटीच्या हातचं एक पुस्तक उचलून दोरा ओढला. तसूभर हलेना. टाके एकसारखे, गाठी मोहरीएवढ्या. अकरा वर्षांत तिला असं साधलं नव्हतं.

"कुठे शिकलीस?"

"माहेरी. आमच्याकडे सगळ्यांनाच येतं."

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"शिलाई तुमची होती ना," धाकटी म्हणाली.

थोरलीचा नुसता जळफळाट झाला. तिने सुई हिसकावली, खळ न लागलेली आपली सगळी पुस्तकं उसवली आणि पहिल्यापासून शिवायला घेतली. चार दिवस मान वर केली नाही, चहालाही उठली नाही. धाकटीला बोट ठेवायला जागा म्हणून ठेवायची नव्हती.

काम दोन दिवस आधीच संपत आलं. मालक खूश होऊन सगळ्यांना सांगत होते, "बघा! एकोपा असला की माणसं कशी राबतात!"

थोरलीचं तिकडे लक्षच नव्हतं. शेवटचं पुस्तक धाकटीच्या हातात होतं. धाकटीने पाठ उजेडात धरली, त्यावरून बोट फिरवलं, आणि राहवलं नाही म्हणून की काय, मधली एक गाठ अलगद सोडवून पुन्हा मारली.