फरशीवरच्या ओल्या जागा

गॅलरीच्या दारात

ही पहिली. ही खारीचीच, त्यात वाद नाही.

जामबागेतल्या एका गटारात सापडलेलं पिलू. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं ते वाचवलं आणि शिवानीच्या हातात दिलं. जमलं तर ठेवा, नाही जमलं तर आणून द्या. रंग खारी बिस्किटासारखा, म्हणून नाव खारी. हिमायतनगरच्या त्या भाड्याच्या घरात ती पिशवीतून बाहेर पडली, फरशी हुंगली, गॅलरीच्या दारात बसली आणि मुतली.

"हौ, झाली सुरुवात," शिवानीचा नवरा संघपाल म्हणाला.

"ओरडायचं नाही," शिवानी म्हणाली. "मारायचं नाही, त्यात नाक घासायचं नाही. झोपून उठली की खाली न्यायचं, खाल्लं की न्यायचं. घरात पेपर टाकून ठेवायचा, त्यावर केलं की शाब्बास म्हणायचं."

"आणि नाही जमलं तर?"

संस्थेत पिलांमध्ये पार्वोची साथ शिरली होती. उलट्या, रक्ताचे जुलाब, मग रिकामा पिंजरा. परत पाठवायचं म्हणजे कुठे पाठवायचं हे तिनं सासूलाही सांगून ठेवलं होतं.

सासू, म्हणजे मालनबाई, पलंगावर पाय खाली सोडून बसली होती. कुत्र्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. शिवानी पोछा कुठे ठेवते, तेवढं ती बघत होती.

पेपरवर

घरात पेपर यायचा तेलुगू. मालनबाईला तेलुगू बोलता यायचं, वाचता यायचं नाही. पण फोटो ओळखायला अक्षरं लागत नाहीत. पेपर खाली पसरण्याआधी ती एकेक पान उलटून बघायची. बाबासाहेबांचा फोटो असला, बुद्धाचं चित्र असलं, की ते पान घडी घालून उशीखाली.

"आई, टपालाच्या तिकिटाएवढा फोटो आहे," संघपाल म्हणायचा.

"बारका हाय म्हून काय झालं? त्याच्यावर कुत्र्याला मुतवू?"

"नको, नको. तू म्हणशील तसं."

मालनबाईनं निवडलेल्या पानांवर खारी शिकली. पटकन शिकली. पेपर दिसला की जायची, गोल फिरायची, बसायची. पेपर नसला तर दाराशी जाऊन कुंईकुंई. मधेच कुठे करायची नाही.

हे लक्षात असू द्या.

सोफ्यामागे

ही खारीची नाही.

सोफ्यामागे बसून केर काढताना मालनबाईला शिंक आली. बस, एवढंच. उठेपर्यंत झालं होतं.

हे काही नवीन नव्हतं. खारी यायच्या आधीपासून ती सगळ्यांच्या आधी उठून परकर धुवायची. डॉक्टर नको, कुणाला कळायला नको. नांदेडला तिच्या थोरल्या बहिणीचं, तारामतीचं असंच सुरू झालं, तेव्हा लेकांनी तिची खाट गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेली. ताट उंबऱ्यावर ठेवून यायचे. मालनबाई भेटायला गेली तर तारामती म्हणाली, "लांबच बस बाई, वास येतो म्हणतेत."

म्हणून सोफ्यामागची ओल शिवानीला दिसली तेव्हा मालनबाईनं काहीतरी सबब सांगायला तोंड उघडलं. आणि शिवानी म्हणाली,

"खारे! अगं, इकडे कशाला?"

फरशी पुसलीसुद्धा. मालनबाईनं उघडलेलं तोंड मिटलं. किती सोपं होतं. इतकं सोपं तिला आयुष्यात काही मिळालं नव्हतं.

जिन्यात

इथे काही ओलं नव्हतं. इथे घरमालकीण उभी होती, नाकाला पदर लावून.

"इत्ती बास आरी तुमारे घर में से. कुत्ता रखना है तो घर खाली करो."

"छोटी है, आंटी. सीख री है," शिवानी म्हणाली.

"मेरेकू नक्को सुनाओ. एक हफ्ता."

वर आल्यावर संघपाल चपला काढता काढता म्हणाला, "परत एकदा घरात केलं तर पाठवायची. भांडू नको. आता दुसरं घर मी कुठं शोधू?"

खारी त्याच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपली होती. मालनबाई तिच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि तांब्यातलं पाणी निम्मंच प्यायली. त्या दिवसापासून निम्मंच.

पॅसेजमध्ये

भीमजयंती. पेपरभर जाहिराती, आणि प्रत्येक जाहिरातीत बाबासाहेब. मालनबाईनं पानं उलटली, पुन्हा उलटली. खाली टाकण्यासारखं एकही पान नव्हतं. जुनी रद्दी संपलेली. तिनं अख्खा पेपर उशीखाली ठेवला. फरशी उघडी राहिली.

"आई, चल ना. दरवर्षी येतेस टँकबंडला," संघपाल म्हणाला.

"गुडघे दुखतेत रे."

दोघं घाईत निघून गेली, खारीला खाली न्यायचं राहिलं. गुडघे दुखत नव्हते. तिथं बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी तासन्तास उभं राहायचं, आणि मोरी कुठेच नाही. तिनं पांढरी साडी मात्र नेसली, भिंतीवरच्या तसबिरींना हार घातले, मेणबत्ती लावली. मेणबत्तीपुढे बसून वंदना म्हटली. उठताना...

उठताना कळलं. ती मोरीकडे निघाली, भिंत धरून, मांड्या आवळून. पॅसेजमध्ये पोहोचली. मोरीत नाही पोहोचली.

खारी तिच्या मागे मागे आली होती. ओलीचा वास घेऊन बाजूला झाली. सकाळपासून पेपरची जागा हुंगून हुंगून ती परत येत होती. आता दाराशी जाऊन रडायला लागली.

मालनबाईला जिना उतरवत नव्हता. पोछा घ्यायला ती वाकली, तेवढ्यात दारात किल्ली फिरली. ती खुर्चीवर बसली. ओली साडी अंगाखाली दाबून बसली.

संघपालच्या कपाळाला निळा गुलाल होता. पॅसेजमध्ये त्याचा पाय घसरता घसरता राहिला. मग त्यानं खारीला मानेला धरून ओढत आणलं आणि तिचं नाक फरशीवर घासलं. एकदा नाही.

"संघपाल, सोड तिला," शिवानी म्हणाली.

"मारू नको रे," मालनबाई म्हणाली. "तिनं न्हाई केलं."

"मग काय तू केलंस? तिची बाजू घेऊ नको, आई."

त्यानं विचारलं होतं. चिडून का होईना, विचारलं होतं. एक शब्द लागत होता. खोलीत मेणबत्ती जळत होती. मालनबाई खुर्चीच्या हातांना धरून बसून राहिली.

खाली, कडुनिंबाजवळ

शिवानी खारीला उचलून खाली घेऊन गेली. मालनबाई गॅलरीत आली. वरून सगळं दिसत होतं.

खारी झाडाशी बसली आणि मुतत राहिली. थांबेचना. पोटात दिवसभराचं साठलेलं.

शिवानीनं त्या धारेकडे बघितलं. मग मान वर करून गॅलरीकडे बघितलं.

वर आल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, साडी बदला. मी भिजवते."

मालनबाईला वाटलं, आता ही नवऱ्याला सांगेल. खारी राहील. ती वाट बघत होती. खरंच बघत होती. शिवानीनं साडी बादलीत टाकली आणि वर साबणाचा फेस केला.

"येताना मालकिणीला सांगितलं मी," ती फेसाकडे बघत म्हणाली, "कुत्रं जातंय म्हणून. वास जाईल म्हटलं."

"शिवानी..."

"घर राहायला पायजे, आई. आणि तुम्ही पण."

दुसऱ्या दिवशी संस्थेची गाडी आली. खारीला खेळ वाटला. शेपटी हलवत आपणहून पिंजऱ्यात चढली, आतमध्ये पेपर पसरला होता, त्यावर गोल फिरली, बसली.

कुणी शाब्बास म्हटलं नाही.

संघपालच्या पायाखाली

ही शेवटची.

पंधरा दिवसांनी एका सकाळी संघपाल ऑफिसला निघाला होता. पॅसेजमध्ये त्याचा मोजा भिजला. तो एका पायावर उभा राहिला.

"हे काय?"

"फ्रिजचं पाणी असेल," शिवानी म्हणाली.

"फ्रिज तिकडे आहे, शिवानी."

तो मोज्याकडे बघत होता. मग त्यानं मोजा नाकाजवळ नेला.

"मी," मालनबाई खोलीच्या दारातून म्हणाली. "आधीचं पण. खारी यायच्या आधीपासून."

संघपाल भिंतीला टेकून खाली बसला, कोरड्या जागी. ऑफिसचा फोन आला, त्यानं तो कापला. मग तोच फोन हातात धरून संस्थेचा नंबर शोधू लागला.

"आजच घेऊन येतो," तो म्हणाला. "मालकिणीचं बघू काय ते. जाऊन माफी मागतो. संस्थेची, सगळ्यांची."

"फोन नको लावूस," शिवानी म्हणाली.

"का?"

"परवा त्यांचाच आला होता. पिंजरा रिकामा झाला म्हणाले."

मालनबाईनं पोछा घेतला. भिंत धरून खाली बसली आणि पुसायला लागली. तिला कुणी थांबवलं नाही.