तात्यांच्या खोलीतला दिवा

बाळ्या पन्नाशीला टेकला होता, तरी तात्यांच्या तोंडी तो बाळ्याच होता. लहानपणी त्याचा निकाल हातात घेतला की तात्या विचारायचे, "काय दिवे लावलेत, बघू." गणिताच्या मास्तरांचा मुलगा नेमका गणितातच आपटायचा, त्यामुळे या प्रश्नाला ताठ मानेनं उत्तर द्यायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही.

आज मात्र तो खरोखरच दिवा लावणार होता. तात्यांच्या खोलीतला पंखा काढून तिथे साधा गोल दिवा बसवायचा होता. पंखा तरी कसला, चोवीस तास कुरकुरणारं दुखणंच ते. भर थंडीतही तात्या तो पूर्ण वेगानं सोडायचे आणि डोक्यावरून पांघरूण ओढून घ्यायचे. वारा अंगावर घेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं, तरी ढिम्म. बाहेरून हाक मारली तर आतून ओ म्हणून यायची नाही. तेव्हा तात्यांचे कानही गेले, असं घरानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

"राहू दे रे पंखा," तात्या सकाळपासून म्हणत होते.

"खोकून खोकून बेजार होता, त्याचं काय?"

"खोकल्याचं मी बघतो."

"तात्या, हट्ट नका करू."

तात्यांचं काही चाललं नाही. बाळ्यानं मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि स्टुलावर चढला. तात्यांनी न सांगता स्टूल धरलं. त्यानं आधी पाती सोडवली, मग वायरी, मग हुकाचा बोल्ट काढला आणि पंख्याचा गोळा छातीशी धरून जपून खाली उतरला. कपाळावर धूळ, अंगात जोर. आज तात्यांकडून शाबासकी घ्यायचीच, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

दिवा घेऊन तो परत वर चढला. दोन खोल्यांमधल्या भिंतीत छताजवळ हवेसाठी जाळी होती. पलीकडची खोली त्याची आणि बायकोची. बायको तिथे बहिणीशी फोनवर बोलत होती, आणि शब्द न् शब्द या खोलीत येत होता.

"अगं, त्यांना कुठलं ऐकू येतंय? पण परवा हे काय म्हणाले माहितीये? म्हणे, माणूस कसला, अडगळ आहे नुसती. कुठेतरी सोय लावून मोकळं व्हावं. मलाच कसंतरी झालं बाई."

बाळ्याच्या हातून स्क्रू सुटला आणि फरशीवर टणटणत गेला. तात्यांनी वाकून तो शोधला, सदऱ्याला पुसला आणि वर धरला.

बाळ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परवाचं ते वाक्य त्याचंच होतं. त्याआधीचीही कितीतरी होती, आणि त्यातलं एकही त्यानं हळू आवाजात बोललेलं नव्हतं. स्टुलावरून खाली बघायची त्याला लाज वाटत होती.

"तात्या," तो छताकडे बघतच म्हणाला, "तुम्हाला ऐकू येतं?"

"पंखा बंद असला की येतं."

पुढचे स्क्रू त्यानं कसे पिळले, त्याचं त्यालाच कळलं नाही. खाली उतरून त्यानं मेन स्विच वर केला, खोलीतलं बटण दाबलं. पांढरा स्वच्छ उजेड पडला. तात्या मान वर करून दिव्याकडे बघत राहिले.

"छान लावलास दिवा," ते म्हणाले. आवाजात टोमण्याचा लवलेश नव्हता. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बाळ्याला बरं वाटलं असतं.

"मी पंखा परत लावतो, तात्या. आत्ता लावतो."

तात्या पलंगावर बसले. पांघरुणाची घडी त्यांनी मांडीवर ओढून घेतली.

"कशाला? आता तुम्ही हळू बोलाल."