पाण्याखालचा बांध

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, माणूस आपल्या शेतात जातो, कडब्याची कोप म्हणजे खोपटी बांधतो, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतो आणि घरादारासकट पोट तुडुंब होईस्तोवर जेवतो. पण ज्याचं शेतच पाण्याखाली गेलं, त्यानं काय करावं? मुंजाजीचं उत्तर सोपं होतं. त्यानं घरी तोंड पाडून बसावं.

संस्थान विलीन होऊन आठ वर्षं झाली होती आणि राणीसावरगावच्या अलीकडचा नवा तलाव भरून दोन. त्या तलावात मुंजाजीचं चिंचेचं शेत गेलं. बदल्यात माळावर जमीन मिळाली, तीही काही वाईट नव्हती. पण रुसायचं ठरवल्यावर म्हातारा कुणाला ऐकतो? दोन वर्षं त्यानं तळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ज्यांची शेतं गेली होती ती बाकीची मंडळी मात्र येळवशीला खुशाल तळ्याच्या काठावर गाड्या सोडायची, तिथंच कोपी बांधायची, दोन-दोन दिवस मुक्काम ठोकायची. लिंबाजी भोई गूळ करायची जुनी काहील पाण्यात सोडून बायकापोरांना तळ्यात फिरवून आणायचा. त्याला बाजरीच्या पिठाचे दोन उंडे अन् तांब्याभर आंबील मिळाली की झालं.

यंदा कासाबाईनं नवऱ्याचं ऐकायचंच नाही असं ठरवलं.

"माळावर आपला पोरगा रायभान पूजा करायलाय," ती म्हणाली. "पर आपली लक्ष्मी जुन्या शेतात बसलीय. तिला उपाशी ठिवू का?"

"पाण्यात काय जेवती व्हय ती?"

"काहिलीत बसून निवद सोडू. तुमाला यायचं तर या, न्हाईतर बसा घरी."

मुंजाजी आला. पण येऊनही काठावरच्या हद्दीच्या दगडाला टेकून, तळ्याकडे पाठ करूनच बसला. "सरकारचं तळं सरकारला लखलाभ," एवढंच एकदा म्हणाला. सून भागुबाई आणि पाच वर्षांची नात तानु निवदाचं ताट घेऊन काठाशी बांधलेल्या काहिलीत जाऊन बसल्या. लिंबाजीला पलीकडच्या कोपीवर आंबील प्यायला बोलावलं होतं. तो "आलोच" म्हणून गेला तो तिकडंच रमला.

इकडे कोप उभी राहीना. कडब्याच्या पेंढ्या बांधायला दोर कमी पडला. मुंजाजीनं मान न वळवता हात मागं टाकून चाचपलं, तर खुंटीला गुंडाळलेला अंबाडीचा दोर हाताला लागला. कुणाचा, कशाचा, हे बघायचं म्हणजे तळ्याकडे बघावं लागणार. मग कशाला बघा? त्यानं खुंटीवरचा वेढा सोडला, हातभर दोर विळ्यानं कापून घेतला, उरलेला टाकून दिला आणि कोप झकास आवळली.

"आबाऽ!"

तानुची हाक दुरून आली. फार दुरून.

मुंजाजी दोन वर्षांनी पहिल्यांदा तळ्याकडे वळला. काहील गरगर फिरत वाऱ्यानं आत चालली होती, खोल पाण्याकडे, सांडव्याच्या बाजूला. कापलेला दोर तिच्या मागं पाण्यात लोळत होता. तानु रडत उभी राहायला बघत होती, भागुबाई तिला खाली दाबत होती आणि काहिलीचा काठ एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला पाण्याला टेकत होता. काठावर गलका झाला. माणसं लिंबाजीच्या नावानं ओरडत सुटली. पण लिंबाजी पलीकडं, आणि बाकीचे सगळे काळ्या रानातले गडी; पोहता येतंय कुणाला?

आपल्या हातानं पोर बुडवली, असं मुंजाजीच्या मनात आलं. तो हद्दीच्या दगडाला धरून उभा राहिला. मग त्याचं लक्ष आत, पाण्यातून वर आलेल्या वाळक्या फांद्यांवर गेलं. चिंच! त्याच्या शेताची चिंच. या दगडापासून थेट त्या चिंचेपर्यंत त्याच्या आज्यानं रचलेला दगडी बांध होता, पुरुषभर उंच आणि वरून गाडी जाईल एवढा रुंद. आणि काहील चालली होती ती चिंचेच्याच अंगानं.

"अवं, कुठं चालला?" कासाबाई किंचाळली. "तुमाला पोहता येत न्हाई!"

"पोहतंय कोण? शेतात जायलोय!"

तो पाण्यात शिरला. गुडघा, कंबर, छाती. पण पायाखाली दगड होता. चाळीस वर्षं या बांधावरून तो अनवाणी चालला होता. कुठं वळायचं, कुठं दगड निसटलेला आहे, हे पायांना पाठ होतं. मधल्या खिंडारापाशी त्यानं पाऊल लांब टाकलं. बघणाऱ्यांना कळेना, एवढ्या खोल पाण्यात म्हातारा बुडत कसा नाही.

चिंचेपाशी पोचून त्यानं एका हातानं फांदी धरली. काहील हातभर लांबून पुढं गेली. मागं लोळणारा दोर मात्र त्याच्या मुठीत आला.

"बसा! हलू नगा!" तो ओरडला. "भागू, पोरीला घट धर!"

"धरलंय मामा!"

आला त्याच वाटेनं, एकेक पाऊल मागं टाकत, म्हाताऱ्यानं काहील ओढत काठाला आणली. तानु त्याच्या गळ्यात पडली. मुंजाजी तिला छातीशी धरून तिथंच चिखलात बसला आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडला. इतकं हलकं त्याला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

लिंबाजी धापा टाकत आला. "दोर कुण्या गाढवानं कापला?"

"म्या," मुंजाजी म्हणाला. "बस, जेव."

निवदाचं ताट धांदलीत केव्हाच पाण्यात गेलं होतं. कासाबाईनं हात जोडले. जिथं सोडायचं होतं तिथंच ते पडलं होतं. मुंजाजी कोरडं धोतर नेसून कोपीच्या दारात जेवायला बसला, या खेपेला तळ्याकडे तोंड करून. शेंगाभाज्यांची घट्ट भज्जी त्यानं दोनदा मागून घेतली.

"पुढल्या साली यायचं का?" कासाबाईनं हळूच विचारलं.

"म्हंजे काय?" मुंजाजी म्हणाला. "येळवशीला आपल्या शेतात न्हाई यायचं, तर कुठं जायचं?"