सराईत धुळाप्पा

धुळाप्पा चोर होता, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. चोरी त्यानं एकदाच केली होती, तीही ऐन जवानीत; पण इतक्या खोलात कोण शिरतो? येरमाळ्याच्या पलीकडं, माळाच्या उतारावर त्याची एकट्याची पत्र्याची खोली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक दैवशाला माकणीला दिलेली. चोराची लेक म्हणून सासरी तिला एवढं ऐकून घ्यावं लागलं, की तिनं माहेरची वाटच सोडली. गावात धुळाप्पाला कुणी वाईट बोलत नव्हतं. त्याच्याशी कुणी बोलतच नव्हतं.

तरुणपणी तो गावातल्या धोंडीबाच्या शेळ्या राखायचा. एका वर्षी त्यानं त्यातल्या तीन दुभत्या शेळ्या वाशीच्या बाजारात विकल्या आणि लांडग्यानं नेल्या म्हणून गावभर बोंब ठोकली. लांडगा काही शेळ्यांचे दोर सोडून, गुंडाळून ठेवत नाही. हे त्या वेळी त्याच्या डोक्यात आलं नाही, पण फौजदाराच्या आलं. चार-सहा महिने तो आत बसून आला. मग तालुक्यात कुणाचंही करडू हरवलं की जीप आधी त्याच्या दारात. दोन गुन्हे असेच अंगाला चिकटले आणि धुळाप्पा सरकारी दप्तरात 'सराईत' झाला. राखायला शेळ्या त्यानंतर कुणी दिल्या नाहीत.

सराईत माणसावर नजर ठेवावी लागते. म्हणून दर मंगळवारी महालिंगप्पा हवालदार फटफटीवरून यायचा आणि खाली न उतरताच ओरडायचा, "धुळाप्पा, हजर?"

"हजर हाय, जमादार!"

एवढं झालं की सरकारी काम संपलं. मग हवालदार उतरायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा. धुळाप्पानं त्याच्यासाठी कानाचा एक कप जपून ठेवला होता. स्वतः तो पितळीत प्यायचा. हवालदाराची वाढलेली साखर, त्याच्या पोराचं न जमणारं लग्न, साहेब लोकांची बदली, असं सगळं बोलणं व्हायचं. चोर कुठं जातो हे बघायला पोलीस यायचे म्हणतात, पण सोमवारपासून रस्त्याकडं डोळे लावून बसायचा तो चोरच.

आणि चैत्रातली येडेश्वरीची यात्रा तर त्याचा सणच. यात्रेत खिसेकापू सुटू नयेत म्हणून रेकॉर्डवरची सगळी मंडळी आधीच ठाण्यात आणून बसवायचे. लोक देवीला जायचे, धुळाप्पा ठाण्यात. दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून तो जीपची वाट बघायचा. ठाण्याच्या बाकावर चार माणसांच्या मांडीला मांडी लावून खिचडी खायची, हे सुख त्याला वर्षातून एवढंच मिळायचं.

यंदा ठाण्यात नव्या फौजदार मॅडम आल्या. राजनंदिनी नाव, वयानं त्याच्या नातीएवढ्या. गुन्हेशास्त्र शिकून आलेल्या. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर मोठा फळा लावला आणि त्यावर रकाने पाडले. प्रत्येक हवालदारानं आपापल्या बीटमधली माणसं नीट पारखून त्यात घालायची, असा हुकूम निघाला.

होळी झाल्यावरच्या मंगळवारी महालिंगप्पा आला तो हातात पेढ्याचा पुडा घेऊन.

"धुळाप्पा, सुटलाव तुमी!" तो बाजेवर बसत म्हणाला. "मॅडमचं म्हननं असं, की सगळ्याच चोरांना एका दावणीला बांधायचं न्हाय. धंदा म्हनून करनारा येगळा, पोटासाठी करनारा येगळा, रागाच्या भरात करनारा येगळा. एखाद्यावर प्रसंग येतो, त्यो करतो, आन मग जल्मात हात लावत न्हाय. त्याला प्रासंगिक म्हनत्यात. म्या सोता तुमचं नाव तिथं लावलं. मॅडम म्हनल्या, ह्या म्हाताऱ्याला इतकी वर्सं सराईतात घातलं कुनी? तिथल्या तिथं नाव कमी केलं."

धुळाप्पानं पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. "मग मंगळवारी?"

"मंगळवारचं काय?"

"याल न्हवं?"

"आता कशाला येऊ? आता तुमी साधं मानूस झालाव." हवालदार मोठ्यानं हसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेला. त्याला मनापासून आनंद झाला होता. म्हाताऱ्याचं कल्याण केलं, असंच त्याला वाटत होतं, आणि त्यात त्याची काही चूकही नव्हती.

पुढचा मंगळवार आला आणि गेला. त्याच्या पुढचाही. रस्त्यावर फटफटी वाजली की धुळाप्पा दारात येऊन उभा राहायचा. कुणी तरी आपलं भरधाव निघून जायचं. यात्रा आली. सवयीनं त्यानं दाढी केली, धोतर नेसलं आणि दारात बसला. जीप आली, माळाच्या खालून धुरळा उडवत गेली, आणि आत बसलेल्या ओळखीच्या चोरांनी त्याला हात केला. त्या दिवशी त्याला भडभडून आलं. बायको गेली तेव्हाही तो इतका रडला नव्हता.

यात्रा सरली. पुढच्या मंगळवारी, भर दुपारी, त्यानं चोरी केली.

शेळी निवडली ती कस्तुराबाईची. कस्तुराबाई म्हणजे त्या धोंडीबाची बायको. धोंडीबा आता नव्हता. तिच्या दारातली पांढऱ्या कानाची शेळी त्यानं सोडली आणि मुद्दाम पारावरून नेली. पारावर माणसं पान खात बसली होती. आता कुणीतरी ओरडेल, धरा धरा म्हणेल, म्हणून तो जरा थांबलासुद्धा. एकानं त्याच्याकडं बघितलं, तोंडातलं पान गालात सारलं आणि पुन्हा गप्पांत शिरला. चोरी करणाऱ्याला इतका अपमान कधी सोसावा लागला नसेल.

मग तो स्वतःच ठाण्याच्या वाटेला लागला. घाई अशी नव्हतीच. वाटेत बाभळीच्या शेंगा पडल्या होत्या, शेळीनं तोंड घातलं. शेळ्या राखलेला हात तो, भुकेल्या जनावराला ओढून नेणं त्याला जमेना. शेंगा झाल्या, मग लिंबाचा पाला, मग हापशावर पाणी. तो तिच्याशी बोलत होता. लेकीबद्दल सांगत होता. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी त्याची दुपार चांगली गेली.

या सगळ्यात असं झालं, की चोर ठाण्यात पोचायच्या आधी मालकीण पोचली. पोरांनी सांगितलं तशी कस्तुराबाई तणतणत रिक्षात बसून आली होती. धुळाप्पा शेळी घेऊन आवारात शिरला तेव्हा ती, महालिंगप्पा आणि मॅडम पायरीवरच उभे होते.

"हजर हाय, जमादार," धुळाप्पा म्हणाला. "चोरी केलीया. ही बगा."

महालिंगप्पाचा चेहरा उतरला. "आवो, काय केलंत हे? म्या सोता मॅडमपुढं तुमचं नाव घालून..."

"का केलंत आजोबा?" मॅडमनी विचारलं. रागावून नाही, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. "पैसे हवे होते? बाईंशी भांडण आहे?"

"न्हाय."

"मग?"

धुळाप्पानं हवालदाराकडं बघितलं. "ह्यांनी यायचं बंद केलं. वर्सानुवर्सं यायचे. काम सपलं तसं आलेच न्हाईत. कामाबिगर मानूस मानसाकडं येत न्हाय का, मॅडम?"

महालिंगप्पानं टोपी काढली, उगाच पुसली आणि पुन्हा घातली. शेवटी मॅडम कस्तुराबाईकडं वळल्या. "मावशी, फिर्याद द्यायची आहे ना?"

कस्तुराबाईनं शेळीच्या पोटावरून हात फिरवला. पोट टम्म फुगलं होतं. घरी तिला इतकं खायला कधी मिळालं नव्हतं. "न्हाय," ती म्हणाली. "ह्याला काय चोरी म्हनत्यात व्हय? चारून आनलीया."

"म्या चोरलीया!" धुळाप्पा कळवळून म्हणाला. "पारावरच्यांना इचारा!"

"फिर्याद नाही, तर गुन्हा नाही, आजोबा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "घरी जा. महालिंगप्पा अधूनमधून चक्कर मारतील. माराल ना?"

"मारीन की," हवालदार जमिनीकडं बघत म्हणाला. तो म्हणाला तसं करणार नाही, हे धुळाप्पाला लगेच कळलं. त्याच्यामागं वीस गावं, साखर, लग्नाचं पोर. कागदानं पाठवल्याशिवाय तो कसा येईल बिचारा?

उन्हं कलली होती. कस्तुराबाई शेळी घेऊन पुढं चालत होती, धुळाप्पा बराच मागं. गावातली माणसं कायम त्याच्यापासून जेवढं अंतर राखून चालायची, तेवढंच. शेळी सारखी मागं वळून बघायची आणि कस्तुराबाई दोर ओढायची. गावच्या अलीकडं वाट फुटते, तिथं त्यानं धीर केला.

"वहिनी," तो म्हणाला. "फिर्याद दिली न्हाईत. तुमचे लई उपकार झाले."

ती थांबली. "उपकार न्हाईत. आज तुमी चोरी केलीच न्हाय, म्हनून म्या दिली न्हाय. तवा केली व्हती. माजं लेकरू वरच्या दुधावर व्हतं, धुळाप्पा. तीन शेळ्या नेल्यासा, मी त्याला पानी पाजून निजवायची." ती दोर हाताला गुंडाळत म्हणाली. "पोलिसांनी नाव खोडलं आसंल. म्या खोडलेलं न्हाय."

धुळाप्पा वाटेवरच खाली बसला. कोर्टानं त्याला शिक्षा दिली होती, फौजदारानं मार दिला होता, मॅडमनी त्याला रकाना दिला होता. पण लेकराचं हे इतक्या वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यानंही कधी तिच्या दारात जाऊन विचारलं नव्हतं.

"चुकलं माजं, वहिनी," तो म्हणाला.

"लई उशीर केलासा," ती म्हणाली आणि शेळीला ओढत आपल्या वाटेला लागली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

धुळाप्पा माळावर आला. चूल पेटवून त्यानं चहाचं आधण ठेवलं आणि सवयीनं दोघांपुरतं पाणी ओतलं. मग निम्मं पाणी काढून परत माठात टाकलं.