फ्रिज ठरवण्याआधी

व्हॅनचं घर करून देणारा तो मिस्त्री येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला एकच प्रश्न विचारायचा, आणि तोही नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून. एकाला ऑफिसात, दुसऱ्याला गाडीत. पद्धत पोलिसांची वाटली तरी कारण पत्र्याचं होतं. गॅसवरचा फ्रिज बसवायचा तर गाडीच्या अंगाला जाळीच्या खिडक्या कापाव्या लागतात. मग पुढे तेच जोडपं तोंडं फुगवून परत यायचं, 'हा नको, तो दुसरा द्या' म्हणायचं, आणि मिस्त्री त्या खिडक्या बुजवत बसायचा. दोन-चार गाड्या बुजवून झाल्यावर त्याला संसाराचं बरंच काही कळलं होतं. स्वतः तो अजून आईच्याच घरी राहत होता.

प्रश्न असा: "एका जागी किती दिवस थांबणार?"

ऑफिसात साहेब बसले होते. साहेब म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. बँक सुटली तरी हे नाव सुटलं नव्हतं; बायको चिडली की घरीही तेच वापरात होतं. गेलं वर्षभर त्यांनी गाडीतला फ्रिज या विषयाचा एवढा अभ्यास केला होता की सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला येणाऱ्या मंडळींनी गुपचूप बाग बदलली होती.

"दिवस कसले? रात्र," साहेब म्हणाले. "एक रात्र. सकाळी उठायचं, चहा घ्यायचा, पुढे. एका जागी बसायचंच असेल तर घर काय वाईट आहे?"

"मग कॉम्प्रेसरचा घ्या. बॅटरीवर चालतो. गाडी धावली की बॅटरी भरते."

"मी वर्षभर तेच सांगतोय. चढावर उभी करा, उतारावर करा, त्याला काही नाही. गॅसवाल्याचे लाड फार. गाडी सपाटीलाच हवी, गार व्हायला अर्धा दिवस हवा. आणि ती तिसरी जात आहे ना, ती छोटी पेटी, ती तर गारच करत नाही. बाहेर उकडतं त्यापेक्षा आत जरा कमी उकडतं, इतकंच. आमच्या हेड ऑफिसासारखं. आहे म्हणायला आहे."

मिस्त्रीने मान डोलावली. हेड ऑफिस त्याने पाहिलं नव्हतं, पण ती पेटी पाहिली होती.

मग तो गाडीत गेला. गाडीत अजून घर असं काहीच नव्हतं. प्लायवूडची जमीन होती, भिंतीतून वायरी लोंबत होत्या. बाई रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून खिडकीची रुंदी वितीने मोजत होत्या.

"काकू, एका जागी किती दिवस थांबणार?"

"चांगली जागा मिळाली की हलायचं कशाला?"

"तरी पण. अंदाजे."

"मोठं झाड हवं. पाणी जवळ हवं. माझं बाकी काही मागणं नाही."

"म्हणजे महिनाभर?"

"महिन्याभरात तर भाजीवाला ओळखायला लागतो. तेव्हा कोण निघतं?"

मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा कानामागे ठेवली आणि ऑफिसच्या दिशेने हाक मारून साहेबांना गाडीत बोलावलं.

"अडचण आहे," तो म्हणाला. "साहेबांना एक रात्र पुरते, काकूंना कायमचं थांबायचंय. साहेबांना बॅटरीवरचा लागणार, काकूंना उभ्या गाडीत चालणारा गॅसचा. अशाने दोन गाड्या लागतील. मी करून देईन, माझं काही म्हणणं नाही."

साहेब हसले. "अगं, तो फ्रिजबद्दल विचारत होता."

"कळलं मला."

"आपण गाडी फिरायला घेतोय."

"तुम्ही फिरायला घेताय. मला वाटलं, आपण घर घेतोय. रोज उठून निघायचं असेल तर मी नाही यायची. तुम्ही या जाऊन. मी सांगतेय ते रागाने नाही सांगत."

रागाने सांगितलं असतं तर साहेबांना सोपं गेलं असतं. रागाचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. गप्प बसायचं, संध्याकाळपर्यंत उतरतो. हे उतरण्यातलं दिसत नव्हतं.

साहेबांची नोकरी बदलीची होती. नवं गाव आलं की आधी ते एकटे जायचे, घर बघायचे, परत येऊन किल्ली बायकोच्या हातावर ठेवायचे. ती म्हणायची, छान असेल. घर न पाहता दिलेलं हे प्रशस्तिपत्रक साहेबांनी दर वेळी अगदी मनापासून स्वीकारलं होतं.

"इतक्या बदल्या झाल्या," ते म्हणाले, "तू कधी चकार शब्द काढला नाहीस."

"बँकेशी काय बोलायचं? आणि वेळ कुठे होता? पडदे कापायचे होते. एका घराचा पडदा दुसऱ्या घराला बसला असं कधी झालं नाही. ट्रकमधून फ्रिज उतरवणारा माणूस मात्र प्रत्येक गावात एकच सांगायचा, 'बाई, लगेच लावू नका, रात्रभर उभा राहू द्या, आतलं सगळं खाली बसू द्या.' मी त्या बंद फ्रिजकडे बघायचे. म्हणायचे, ह्याचं बरं आहे."

मिस्त्रीला आता बाहेर जायचं होतं. पण दार एकच होतं आणि दारात साहेब होते.

"आता बँक कुठे राहिली?" साहेब म्हणाले. "आता कोण करतंय बदली?"

"तुम्ही. रोज सकाळी."

साहेब दाराच्या पायरीवर बसले. त्यांनी शेडमधल्या दुसऱ्या एका गाडीच्या चाकाकडे पाहिलं. ते चाक काढून ठेवलेलं होतं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"मी तरी कुठे माझ्या मनाने गेलो?" ते चाकालाच म्हणाले. "पाठवतील तिकडे गेलो. एवढी गावं झाली, त्यातलं एकही मी निवडलेलं नाही. वाटलं, एकदा तरी सकाळी उठून आपणच ठरवावं, आज उजवीकडे की डावीकडे."

"हे मला आज सांगताय."

"तू विचारलं नाहीस."

"तुम्ही फ्रिजबद्दल बोलत होतात."

साहेबांच्या वर्षभराच्या अभ्यासात हा मुद्दा आलाच नव्हता. ते उठले, पँट झटकली आणि मिस्त्रीला म्हणाले, "गॅसचा घाल. काप तुझ्या खिडक्या."

"नको," बाई म्हणाल्या.

"आता का नको?"

"चौथ्या दिवशी तुम्ही गाडीभोवती फेऱ्या मारायला लागाल. मी झाडाखाली बसून त्या बघायच्या का? माझं झाडही जाईल त्यात."

मिस्त्रीने घसा साफ केला. "कॉम्प्रेसरचाच घ्या आणि टपावर सोलरचे पॅनेल टाका. मग एका जागी कितीही राहा. फक्त गाडी उन्हात उभी पाहिजे."

"उन्हात?" बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पॅनेल तिथल्या तिथे मागे घेतले.

"मग नुसत्या बॅटरीवर," तो म्हणाला. "सावलीत उभे राहिलात तर एका बॅटरीत दोन दिवस जातील. दोन टाकल्या तर चार. संपल्या की गाडी काढायची. त्याशिवाय फ्रिज चालायचा नाही."

दोघांनी एकदमच मान वर केली.

"म्हणजे निघायचं कधी ते बॅटरी सांगणार?" बाईंनी विचारलं.

"ती सांगत नाही, नुसती संपते."

"तेच बरं. सांगणारे पुष्कळ झाले." बाई डब्यावरून उठल्या. "चार टाका."

"एक," साहेब म्हणाले.

"काकू, चारचं वजन फार होईल. टायर बसतील."

"मग तीन."

"अगं, तीन म्हणजे जवळजवळ आठवडा."

"आठवड्याने काय होतं? उजवीकडे जायचं की डावीकडे, तुम्हीच ठरवा. मी नुसतं विचारणार, तिकडे झाड आहे का."

साहेबांनी हिशेब केला. चेहऱ्यावरून तो अवघड दिसत होता. उजवी-डावी हातात येत होती, सकाळ जात होती. कर्जाच्या कितीतरी प्रकरणांत त्यांनी यापेक्षा कमी मिळत असताना सह्या केल्या होत्या.

"दोन," ते म्हणाले. "त्याच्या वर नाही."

"दोन," बाई म्हणाल्या, आणि मिस्त्रीकडे वळल्या. "पण तिसरीची जागा सोडून ठेवा."

मिस्त्रीने खडू घेतला. पलंग येणार होता तिथे जमिनीवर त्याने दोन चौकोन आखले, आणि त्यांच्या शेजारी तेवढीच जागा कोरी ठेवली. साहेब गुडघ्यांवर हात टेकून त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले.

"तिथे माझे बूट राहतील," ते म्हणाले.

"राहू देत की," बाई म्हणाल्या. "तोवर."